ग्वाल्हेरचे माहेर, पालगडचे सासर

तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांच्या काळापासून खानदेशच्या मुलखाचे राजनगर होते; अकबराने १६०१ मध्ये असीरगड हस्तगत केल्यावर ते मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले, उदगीरच्या लढाईनंतर १७६० च्या तहाने पेशव्यांकडे आले, पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी पडले, आणि इंग्रज-मराठा युद्धांची उलथापालथ सोसूनही १८६० पर्यंत ग्वाल्हेर दरबाराच्या दफ्तरात आपल्या परगण्यांसह नोंदलेले राहिले. या गावच्या मराठी माणसाला ग्वाल्हेर परके वाटत नाही, याचे कारण या इतिहासात आहे. आज नकाशावर बऱ्हाणपूर हा मध्य प्रदेशाचा एक सीमावर्ती जिल्हा, आणि ग्वाल्हेर त्याच प्रदेशाच्या पार उत्तर टोकाला. तथापि सातपुड्याच्या दोन्ही अंगांस, माळव्यात, निमाडात आणि चंबळेच्या काठापर्यंत जे मराठी जीवन शिंदे, होळकर आणि पवार या घराण्यांच्या राज्यविस्ताराबरोबर रुजले आणि राज्ये गेल्यावरही टिकून राहिले, त्याचे धागे या दोन गावांत सारखेच गुंफलेले आहेत.

या बृहन्महाराष्ट्राने मराठी भाषेला काय दिले, याची यादी करताना आपण राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे नाव अभिमानाने घेतो, ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीचे स्मरण करतो, आणि तेथेच थांबतो. मराठी चित्रपटाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली आई ग्वाल्हेर संस्थानातून आली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. भारत सरकारने चित्रपटांसाठी राष्ट्रपतींची पारितोषिके सुरू केली तेव्हा, १९५४ च्या ऑक्टोबर महिन्यात, सर्व भारतीय भाषांतील सर्वोत्कृष्ट कथापट म्हणून पहिले सुवर्णपदक ज्या ‘श्यामची आई’ला मिळाले, त्या चित्रपटातील आईची भूमिका वनमालाबाईंनी केली होती, आणि वनमाला हे रुपेरी नाव धारण करण्यापूर्वी त्या सुशीलादेवी पवार होत्या, शिंदे सरकारच्या सेवेतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कन्या होत्या. सरदारी वळणाच्या वाड्यात वाढलेली ही मुलगी कोकणातील एका कर्जबाजारी घराची माउली होऊन साऱ्या देशासमोर उभी राहिली, तो प्रवास एका कलावतीच्या चरित्राएवढाच तिच्या काळाचाही इतिहास आहे.

त्या काळाची घडण समजण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही. समाजाने ज्यांना बहिष्कृत मानले होते अशा स्त्रियांनीही नकार दिला, आणि शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून महाराणी करावी लागली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या खऱ्या, पण त्या रंगभूमीच्या जगातून आलेल्या होत्या, गृहस्थी घरातून नव्हेत. ही कोंडी फुटावयास आणखी जवळजवळ वीस वर्षे लागली. १९३२ मध्ये ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, आणि इंग्रजी शाळा-महाविद्यालयात शिकलेली, प्रतिष्ठित घरातील स्त्री बोलपटात येऊ शकते, हे प्रथमच निःसंदिग्धपणे सिद्ध झाले. त्यांच्यामागून शोभना समर्थ, लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान अशा सुशिक्षित स्त्रिया आल्या. बोलपटाला आता केवळ देखण्या चेहऱ्याने भागत नव्हते. शुद्ध उच्चार, संवादाची समज आणि आत्मविश्वासाने वागण्याची रीत यांची त्याला गरज भासू लागली होती, आणि या तिन्ही गोष्टी शाळेने मुलींना दिल्या होत्या. चित्रपटाचे दार स्त्रियांसाठी कोणी एका निर्मात्याच्या औदार्याने उघडले, असे मला वाटत नाही; ते स्त्रीशिक्षणाने आतून ढकलले म्हणून उघडले.

सुशीलादेवींचा जन्म १९१५ च्या मे महिन्यात उज्जयिनीस झाला. वडील कर्नल बापूराव पवार हे शिंदे सरकारच्या मुलकी कारभारात मोठ्या हुद्द्यांवर होते. शिंदेशाहीत जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास ‘सुभा’ म्हणत, आणि ज्या घराची कर्ती माणसे अशा हुद्द्यांवर वागत, त्या घरावर दरबारी शिस्तीची छाप पडल्याखेरीज राहत नसे. माधवराव शिंद्यांचा तो काळ होता. संस्थानात रेल्वे, कालवे, शाळा यांचा विस्तार चालू होता, आणि एकीकडे आधुनिकतेचे हे वारे वाहत असताना दुसरीकडे मराठा सरदार घराण्यांच्या अंतःपुरांतील गोषा जवळजवळ अभंग होता. मुलीने शिकावे, पण शिकून उंबरठा ओलांडू नये, अशी ती विलक्षण तडजोड होती. सरदारकन्यांसाठी ग्वाल्हेरीस स्वतंत्र शाळा होती. तेथे सुशीलादेवी शिकल्या, आणि पुढे आग्रा विद्यापीठाची पदवी त्यांनी संपादन केली. त्या पिढीतील मराठा सरदार घराण्यातील मुलीने बी. ए. होणे ही केवढी घटना होती, याची कल्पना आज पदव्यांच्या सुकाळात येणे कठीण आहे. आणि पदवी घेतलेल्या त्या मुलीने आता स्वस्थ बसावे, ही अपेक्षा त्याच शिक्षणाने निष्फळ केली.

त्या पुण्यास आल्या आणि शिक्षिका झाल्या. येथे त्यांच्या आयुष्यात प्रल्हाद केशव अत्रे यांचा प्रवेश होतो. अत्रे हे मूळचे हाडाचे शिक्षक. पुण्याच्या कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, आणि त्यांच्या पुढाकाराने चाललेल्या शाळेतच सुशीलादेवींनी अध्यापन केले. नाटककार, विडंबनकार आणि वक्ता म्हणून अत्र्यांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली होती. ‘धर्मवीर’, ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’ या हंस चित्रसंस्थेच्या बोलपटांनी त्यांना चित्रपटसृष्टीतही अग्रस्थान मिळवून दिले होते. आपल्या परिसरात वावरणाऱ्या या उंच, गौरवर्ण, विलक्षण नेत्रांच्या आणि सुसंस्कृत वाणीच्या शिक्षिकेत अत्र्यांनी नायिका पाहिली, यात नवल नाही. १९४० मध्ये नवयुग चित्रसंस्थेच्या ‘लपंडाव’ या, अत्र्यांच्याच लेखणीतून उतरलेल्या चित्रपटात त्या प्रथम झळकल्या आणि सुशीलादेवींच्या वनमाला झाल्या.

ग्वाल्हेरीकडे या बातमीचे स्वागत झाले नाही. दरबारी मानमरातबात वाढलेल्या घराला, कन्येचे चित्र भिंतीभिंतींवर चिकटावे आणि चार आण्याच्या तिकिटावर कोणीही तिला पाहावे, ही कल्पनाच असह्य होती. या दुराव्याविषयी पुढे पुष्कळ दंतकथा पसरल्या. त्यांतील नाट्यमय भाग सोडून दिला तरी एवढे उरते, की वनमालाबाईंनी आपली वाट घराच्या नापसंतीच्या विरोधात, आणि ती नापसंती पूर्णपणे ठाऊक असताना, निवडली. दुर्गाबाई खोट्यांना सोसावा लागलेला लोकापवाद मुंबईच्या सुशिक्षित समाजातला होता. वनमालाबाईंची गोष्ट त्याहून बिकट होती. त्यांच्यापुढे समाजाबरोबरच एक संपूर्ण दरबारी व्यवस्था होती, जिच्यात कन्येचे वर्तन हे वडिलांच्या हुद्द्याशी बांधलेले असे.

पुढच्याच वर्षी त्यांना अखिल भारतीय कीर्ती लाभली. सोहराब मोदी हे मिनर्व्हा मूव्हिटोनचे धनी, पारशी रंगभूमीच्या भारदस्त वाणीचे उपासक. ‘पुकार’च्या यशानंतर त्यांनी १९४१ मध्ये ‘सिकंदर’ काढला. पृथ्वीराज कपूर सिकंदर, स्वतः मोदी पोरस, आणि सिकंदराच्या प्रेमापायी हिंदुस्थानात येऊन पोरसाला राखी बांधणारी आणि भावाच्या नात्याने सिकंदराच्या प्राणाचे अभयवचन मिळवणारी इराणी तरुणी रुखसाना म्हणजे वनमाला. हत्ती-घोड्यांनी गजबजलेली युद्धदृश्ये, गडगडणारे संवाद आणि परकीय जेत्यापुढे मान ताठ ठेवणारा पोरस यांनी पारतंत्र्यातील प्रेक्षक भारावून गेला. आणि त्या संवादांतील स्वाभिमानाची धग अशी होती की लष्करी छावण्यांतील काही चित्रगृहांत या चित्रपटास बंदी घालणे सरकारला आवश्यक वाटले. एवढ्या दणदणाटात रुखसानेचा भाग खरे तर अल्प आहे. पण ती दोन योद्ध्यांच्या मधोमध उभी आहे, एकाची प्रेयसी आणि दुसऱ्याची मानलेली बहीण; कथानकाचा सगळा तोल तिच्यावर आहे, आणि पृथ्वीराज व मोदी यांच्यासारख्या धिप्पाड व्यक्तित्वांच्या दोन नटांपुढे हा तोल ढळू न देणे हे नवख्या नटीस सोपे नव्हते. ग्वाल्हेरच्या दरबारी हिंदुस्थानीचा संस्कार कानावर झालेला असल्यामुळे उर्दूप्रचुर संवाद पुण्या-मुंबईच्या नटीपेक्षा त्यांना अधिक सहज पेलले असावेत, असे माझे अनुमान आहे. माहेराने ज्या व्यवसायाला नाक मुरडले, त्या व्यवसायात माहेरचीच भाषा कामी आली.

त्याच १९४१ मध्ये अत्र्यांनी स्वतःच्या संस्थेतर्फे ‘पायाची दासी’ काढला. गजानन जागीरदार दिग्दर्शक होते, आणि हिंदीत तोच चित्रपट ‘चरणों की दासी’ या नावाने निघाला. छळवादी सासू दुर्गाबाई खोटे आणि छळ सोसणारी सून वनमाला, अशी ही जोडी होती. मराठी घरातील सासुरवासाचा विषय अत्र्यांनी थेट आणि जनतेला समजेल अशा ठसठशीतपणे हाताळला होता. सासूच्या भूमिकेने दुर्गाबाईंना मोठा लौकिक दिला. वनमालाबाईंना मात्र त्यातून काय मिळाले, हे पुढे बारा वर्षांनी दिसले. घरातील दुःख मूकपणे बाळगणारी स्त्री पडद्यावर कशी उभी करावी, याचा पहिला धडा त्यांनी येथे घेतला, असे आता मागे वळून पाहताना म्हणता येते.

मधल्या वर्षांचा वृत्तांत लांबवण्याचे कारण नाही. ‘मृच्छकटिका’वर आधारलेला ‘वसंतसेना’ हा १९४२ चा चित्रपट, शांतारामांचा १९४४ मधील ‘परबत पे अपना डेरा’, पुढच्या वर्षीचा ‘शरबती आँखें’, आणि आणखी काही हिंदी चित्रपट त्यांनी केले. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले, जुन्या चित्रसंस्था डबघाईस आल्या, आणि युद्धाच्या नफ्यातून आलेल्या नव्या पैशाने नटनट्यांना संस्थांच्या मासिक पगारावरून काढून एकेका चित्रपटाच्या ठोक करारावर आणले. या नव्या बाजारात सौंदर्याला भाव होता, पण एखाद्या नटीची वाढ कोणत्या भूमिकांतून व्हावी याचा विचार करणारे कोणी उरले नव्हते. ‘प्रभात’सारखी संस्था आपल्या कलावंतांना एका चित्रपटातून दुसऱ्या चित्रपटाकडे काही हेतूने नेत असे, वनमालाबाईंना तसे घर कधी लाभले नाही. त्यांच्या सौंदर्याला त्या दशकाने दाद दिली. त्यांच्या बुद्धीला आणि संयमाला शोभेल असे काम मात्र क्वचितच दिले. ही उणीव त्यांची नव्हती.

आता या कथेचा दुसरा प्रवाह पाहिला पाहिजे. तो कोकणात उगम पावून खानदेशातून वाहत येतो. ज्या पुस्तकावरून ‘श्यामची आई’ हा चित्रपट निघाला त्याचे लेखक पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांचा जन्म १८९९ मध्ये दापोलीजवळच्या पालगडास झाला. घराण्याला एके काळी खोतीचे वैभव होते, पण गुरुजींच्या बालपणी ते कर्जात बुडाले होते. तापीच्याच खोऱ्यातील अमळनेर येथे १९२४ पासून सहा वर्षे त्यांनी शिक्षकाचे काम केले, आणि १९३० च्या सत्याग्रहात उडी घेऊन ते तुरुंगाच्या वाटेला लागले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच टिपून घेतली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढले, आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले, त्यासाठी गुरुजींनी खानदेशची खेडी पायांखाली घातली. ते फैजपूर आमच्या बऱ्हाणपुराहून रावेर-सावद्याच्या वाटेने पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. बऱ्हाणपूर त्या वेळी मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते आणि फैजपूर मुंबई इलाख्यात. पण केळीच्या बागा, कपाशीची शेते, बाजार आणि सोयरिकी यांना प्रांतांची ही हद्द कधी अडली नाही. पालगडच्या आईची गोष्ट कोकणातल्या इतकीच खानदेशच्या घराघरांत वाचली गेली, ती लेखक खानदेशचा शिक्षक होता म्हणून.

त्या पुस्तकातील आई देवी नाही, हे तिचे मोठेपण आहे. पोहायला घाबरून लपून बसलेल्या मुलाला ती शिपटीने मारून बाहेर काढते आणि मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून स्वतःच व्याकूळ होते. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या त्याच मुलासाठी ती लुगडे पसरते, पण मनही असेच स्वच्छ राखावे हे त्याच क्षणी सांगून टाकते. सावकाराच्या माणसाने दारात येऊन अपमान केला असता ती एकीकडे पेटून उठते आणि दुसरीकडे आतून खचत जाते. ताडन आणि माया, ताठा आणि दैन्य ही एकाच देहात नांदणारी अशी आई चित्रपटात आणणे अत्यंत दुर्घट होते. जरा पाऊल घसरले की ती रडकी व्हायची, किंवा कीर्तनातील दृष्टांताप्रमाणे निर्जीव उपदेश करू लागायची.

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या अकाली मृत्यूने महाराष्ट्र हादरला होता, आणि त्या हादऱ्यातून ज्या कृती घडल्या त्यांत अत्र्यांच्या चित्रपटाची गणना केली पाहिजे. अत्रे आणि साने गुरुजी हे स्वभावाने दोन टोके. एक गर्जणारा, दुसरा अश्रू ढाळणारा. पण दोघांतही शिक्षक होता, आणि बालकाच्या मनाचे मोल दोघांनाही कळत होते. ६ मार्च १९५३ रोजी ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला. श्यामची भूमिका माधव वझे या बालकाने केली होती. संगीत वसंत देसाईंचे होते, आणि कृष्ण-द्रौपदीच्या कथेवर अत्र्यांनी लिहिलेले, आशा भोसल्यांनी गायिलेले गीत घरोघर पोचले. आई म्हणून अत्र्यांनी बोलावले ते ‘लपंडाव’च्या नायिकेस, ‘सिकंदर’च्या रुखसानेस, वसंतसेनेस. वय सदतीस, केसांत गजरा माळलेली रूपवती म्हणून जिला देशाने ओळखले, ती आता जाडेभरडे नऊवारी लुगडे नेसून, कपाळी कुंकू आणि हातांत काकणे एवढ्याच अलंकारांनिशी चुलीपुढे बसणार होती.

या निवडीचे मर्म मला असे दिसते. अत्र्यांनी जर सदैव सोशिक भूमिका करणारी एखादी नटी घेतली असती, तर प्रेक्षकांना तिच्या दारिद्र्याचे काहीच वाटले नसते. ते तिच्या अंगवळणी पडलेले वाटले असते. वनमालाबाईंच्या उभ्या राहण्यात, मान वळवण्यात, बोलता बोलता थांबण्यात जो खानदानी डौल होता, तो लुगड्याने झाकला जात नव्हता, आणि म्हणूनच ही स्त्री एके काळी वैभवात नांदलेली आहे, हे एका शब्दावाचून प्रेक्षकाला उमगत होते. खोतीच्या घरची सून दारिद्र्यात आली आहे. ती भीक मागत नाही, ती लाज राखते. ग्वाल्हेरच्या दरबारी घराने मुलीला जी चाल शिकवली ती पालगडच्या पडक्या घरात या रीतीने अर्थपूर्ण झाली. शिवाय त्या शिक्षिका होत्या. मुलाला रागावताना आवाज चढू न देता धार आणण्याची हातोटी वर्गात उभे राहिलेल्याच माणसाला साधते. त्यांचा सगळा अभिनय न केलेल्या गोष्टींवर उभा आहे: हंबरडा नाही, छाती पिटणे नाही, डोळ्यांतील पाणीसुद्धा बहुधा गालावर येण्याआधीच थांबवलेले. १९५० च्या सुमाराच्या आपल्या चित्रपटांत करुण रसाचा जो महापूर लोटला होता, त्यात हा संयम किती दुर्मीळ होता, हे त्या काळचे इतर चित्रपट पाहिल्यावर कळते.

केंद्र सरकारच्या पहिल्या चित्रपट पारितोषिकांसाठी १९५३ च्या चित्रपटांचा विचार झाला. स्पर्धेत बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ होता, ज्याची गणना आज भारतीय वास्तववादी चित्रपटाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींत होते. त्याला आणि ‘भगवान श्रीकृष्ण चैतन्य’ला गुणवत्तेची प्रशस्तिपत्रे मिळाली, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला. काही समीक्षकांना हा निर्णय भावनेच्या आहारी गेलेला वाटतो. मला तो अन्याय्य वाटत नाही. शंभू महतोची दोन बिघे जमीन आणि श्यामच्या घरावरील सावकाराचे ओझे यांचे मूळ एकच आहे, ग्रामीण कर्ज. एका दिग्दर्शकाने त्या कर्जाचा माग काढत शेतकऱ्याला कलकत्त्याच्या रस्त्यांवर नेले, दुसऱ्याने ते घरातच राहून आईच्या चेहऱ्यावर दाखवले. कोणता मार्ग श्रेष्ठ, हे ज्याने त्याने ठरवावे.

एक गोष्ट मात्र खेदाची आहे. त्या पारितोषिकांत अभिनयासाठी स्वतंत्र पदक नव्हते. पदक चित्रपटाचे होते, म्हणजे निर्मात्या-दिग्दर्शकाचे. अभिनेत्रीसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६७ च्या चित्रपटांपासून, आणि तो पहिला मान ‘रात और दिन’साठी नर्गिस यांना मिळाला. ज्या चित्रपटाचे नावच आईवरून पडले होते, ज्याचे सुवर्णपदक त्या आईच्या चेहऱ्यावाचून अशक्य होते, त्या आईच्या नावाची राष्ट्राच्या दफ्तरात वेगळी नोंद झाली नाही. मराठी चित्रपटाच्या इतिहासांतही त्यांचा उल्लेख अनेकदा अत्र्यांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून येतो. अत्र्यांचे ऋण मोठे आहेच. पण ज्या घडणीतून ही भूमिका शक्य झाली ती घडण अत्र्यांनी केलेली नव्हती. ती उज्जयिनी, ग्वाल्हेर आणि आग्रा येथे, मराठी राज्याच्या उत्तर शाखेत, गोषा आणि विद्यापीठ यांच्या ओढाताणीत झाली होती.

सुवर्णपदकानंतर दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारत आणि आमचा निमाड नव्या मध्य प्रदेशात गेले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले, आणि त्याच महिन्यात अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी ‘मराठा’ दैनिक काढले. लढा न्याय्य होता आणि अत्र्यांनी तो प्राणपणाने लढवला. परंतु भाषिक राज्य होताना जी मराठी माणसे सीमेपलीकडे राहिली, त्यांच्या कर्तृत्वाची दखल त्यानंतर उत्तरोत्तर क्षीण होत गेली, हेही नाकारता येत नाही. वनमालाबाईंचे विस्मरण हा त्याच क्षीणतेचा भाग आहे.

त्यांनी स्वतःही विस्मरणाला फारसा विरोध केला नाही. पन्नाशीच्या दशकानंतर त्या चित्रसृष्टीतून हळूहळू निवृत्त झाल्या. आईच्या भूमिकेने त्यांना असे स्थान दिले होते की तेथून परत नायिकेच्या कामाकडे येणे शक्य नव्हते, आणि निर्मात्यांकडे दुसरी श्यामची आई नव्हती. चाकोरीतल्या मातृभूमिका एकामागून एक करीत राहणे त्यांनी पत्करले नाही, आणि या नकारात मला त्यांचा स्वाभिमान दिसतो. त्या व्रजभूमीकडे वळल्या, वृंदावनात त्यांनी अध्यात्मसाधनेत आयुष्याचा मोठा कालखंड घालवला, आणि स्वामी हरिदासांच्या नावाने तेथे शास्त्रीय संगीत-नृत्याच्या शिक्षणासाठी संस्था उभारली. हरिदास हे परंपरेने तानसेनाचे गुरू मानले जातात, आणि तानसेनाची समाधी ग्वाल्हेरीस आहे. ग्वाल्हेरच्या मुलीने वृंदावनात ते नाव निवडावे यात एक सहज संगती आहे. ज्या वर्गातून त्या पडद्यावर गेल्या होत्या, त्या वर्गाकडेच, निराळ्या रूपाने, त्या परत आल्या.

‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट भारतीय कथापटाचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान दुसऱ्या मराठी चित्रपटास मिळण्यास अर्धे शतक जावे लागले, तो २००३ सालच्या चित्रपटांमधून ‘श्वास’ला मिळाला. त्या चित्रपटातही केंद्रस्थानी एक लहान मुलगा आहे आणि त्याला जपणारे एक कोकणातले माणूस, आजोबा. वनमालाबाई त्या वेळी हयात होत्या. २००७ च्या मे महिन्यात, वयाची ब्याण्णव वर्षे पूर्ण होताच, ग्वाल्हेर येथे त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणला, तोही कृष्णधवल. आणि तो पाहून आलेल्या प्रेक्षकांत, बऱ्हाणपुरापासून मुंबईपर्यंत, ज्यांनी जुना चित्रपट पाहिला होता त्यांनी नव्या आईची तुलना केली ती पुस्तकातील आईशी नव्हे, वनमालाबाईंशी.